बासुंदीतली कवळी

माझं माहेर साताऱ्याचं. तिथं दिवाळीत पाडव्याचं जेवण आई एकटी करायची आणि आम्ही सगळे मधून मधून स्वयंपाकघरात जाऊन काहीतरी उचलून पळायचो. लग्न होऊन सांगलीत आले, पलूसचं शेत वाट्यानं देऊन सासू-सासरेही आमच्या विश्रामबागेतल्या फ्लॅटमध्ये राहायला आले, तेव्हा मी ठरवलं की आपल्या घरात असं चालणार नाही. पाडव्याला प्रत्येकानं एक पदार्थ करायचा आणि सगळ्यांनी एकत्र बसून जेवायचं. आपल्या घराची स्वतःची पद्धत पाहिजे.

त्याच वर्षी नणंदेचा दिवाळसण होता. नवे जावई आष्ट्याहून येणार होते. माणूस सज्जन, पण इतका संकोची, की लग्नापासून त्यांच्या तोंडून "हो", "नको" आणि "बास" एवढंच ऐकलेलं.

"मी बासुंदी करनार," सासऱ्यांनी जाहीर केलं. मी त्यांना मामा म्हणते, नवरा अण्णा. फौजेतून रिटायर झालेला माणूस. आवाज अजून परेडच्या मैदानावरचा.

"तुमी?" आत्या, म्हणजे माझ्या सासूबाई, म्हणाल्या. "च्या करताना पातेलं जाळलंय तुमी."

"आगं, आख्ख्या कंपनीचा लंगर बगितलाय मी!"

"बगितलाय. केलाय का कवा?"

टॉवेल कमरेला गुंडाळून मामा गॅससमोर सावधान उभे राहिले. माझ्या नवऱ्याकडे काजू-बदाम कापायचं काम आलं, कारण त्याला दुसरं काही येत नव्हतं. नणंदेनं बटाट्याची भाजी घेतली, आत्यांनी मसालेभात. मी पुऱ्या लाटत सगळ्यांवर नजर ठेवून होते, आणि जी गोष्ट बघायला हवी होती, नेमकी तीच मला दिसली नाही.

मामांना तेव्हा नुकतीच कवळी बसवली होती. ती घातली की चव कळत नाही, अशी त्यांची तक्रार होती. म्हणून बासुंदी चाखायच्या आधी त्यांनी ती काढली, स्टीलच्या वाटीत पाणी घेऊन त्यात ठेवली, आणि शिस्तीचा माणूस म्हणून वर ताटली झाकली. ओट्यावर तशाच आणखी बऱ्याच वाट्या होत्या. कशात चारोळी, कशात बदाम, कशात केशराचं दूध.

पाहुणे आले. ओवाळणं झालं. आम्ही हॉलमध्ये सतरंजी टाकून एका पंगतीत बसलो. बासुंदी खरोखर झकास झाली होती. जावयांनी पहिली वाटी संपवली, "नको" म्हणाले, आत्यांनी दुसरी वाढली, तीही संपवली.

मामा मात्र तोंड मिटून बसले होते. पुरीला हात नाही की भाताला नाही.

"आवं, जेवत का न्हाई?" आत्यांनी विचारलं.

मामांनी ओठ जेमतेम उघडले. "कवळी गावंना."

"कुटं ठिवली हुती?"

"वाटीत."

माझ्या नवऱ्याच्या हातातला घास तसाच राहिला. "कुठल्या वाटीत? ओट्यावरच्या? अण्णा, मी त्या सगळ्या वाट्या बासुंदीत ओतल्या!"

आम्ही सगळ्यांनी एकदमच जावयांकडं बघितलं. त्यांचा चमचा तिसऱ्या वाटीत होता. त्यांनी तो हळूच बाहेर काढला, उलटासुलटा करून पाहिला, आणि लग्नानंतरचं पहिलं लांब वाक्य बोलले.

"माझ्या वाटीत न्हवती. मी चावून खाल्लंय."

नणंद हसायला लागली. आत्यांनी तिच्यावर डोळे वटारले आणि स्वतःच पदर तोंडाला लावला.

मी पातेलं मोरीजवळ आणलं आणि मोठी चाळण काढली. जावई उठले, नव्या कोऱ्या शर्टाच्या बाह्या दुमडल्या आणि म्हणाले, "वहिनी, चाळण मी धरतो." मी ओतत गेले. खाली बासुंदी, वर सुकामेवा. एवढी मोठी कवळी चाळणीत लगेच दिसली असती, पण नवऱ्याच्या डोक्यात भलतंच आलं.

"गरम दुधात दात सुटे झाले असतील तर?"

मग काय! सगळं कुटुंब चाळणीभोवती. सोललेला एकेक बदाम ट्यूबलाइटखाली धरायचा.

"ह्यो दात हाय का बदाम?"

"बदाम."

"आनि ह्यो?"

"चावून बघा की, मामा," जावई म्हणाले.

"कशानं चावू, गड्या?" मामांनी विचारलं, आणि जावई असे हसले की चाळणच कलंडली.

कवळी शेवटी फ्रिजमध्ये सापडली. आत्यांना ओट्यावर झाकलेली वाटी दिसली होती. भिजवलेलं काहीतरी असेल म्हणून त्यांनी ती उचलून आत ठेवली होती.

"उघडून बगायचं न्हाई व्हय?" मामा ओरडले.

"झाकल्यालं हाय म्हनल्यावर कशाला बगू? आनि दात वाटीत झाकून ठिवत्यात, हे मला काय म्हाईत!"

मामांनी कवळी धुतली, तोंडात घातली आणि जागच्या जागी उडालेच. "आरारारा, बरफ झालाय!" तशाच गार दातांनी ते जेवले. जावयांनी गाळलेल्या बासुंदीची आणखी एक वाटी स्वतः मागून घेतली.

प्रत्येकानं एक पदार्थ करायची माझी पद्धत पुढच्याच वर्षी मोडली. नवऱ्यानं काजू कापताना बोट कापून घेतलं आणि नणंदेनं आयती भाजी आणली. पण पाडव्याला बासुंदी अजून मामाच करतात. ती चाळणीतून गाळून वाढली जाते, सुकामेवा वेगळ्या काचेच्या भांड्यात. आणि पंगत बसली की मामा टोकाला उभे राहून हुकूम सोडतात, "दात दाखीव!" सगळ्यांनी दात दाखवायचे, शेवटी मामांनी स्वतःचे. मगच पहिला घास.

गेल्या पाडव्याला जावयांच्या आई पहिल्यांदाच आमच्याकडं जेवायला होत्या. त्यांना यातलं काही ठाऊक नव्हतं. हुकूम सुटला, सगळ्यांनी दात दाखवले, तशी त्या माउलीनं डोक्यावरचा पदर नीट केला, हात जोडले आणि मोठ्या भक्तिभावानं दात दाखवले. मग माझ्याकडं वाकून हळूच विचारलं, "आमच्यात न्हाई ही रीत. पूर्वेकडं तोंड करून करायचं असतं का?"

मी काही बोलायच्या आत मामा म्हणाले, "व्हय, पूर्वेकडंच." आणि आम्ही सगळे ताटं उचलून पूर्वेकडं वळलो.