साठवा आणि साफ करा

थांबामावशी हे नाव त्यांना ॲनिमेशन स्टुडिओतल्या मंडळींनी ठेवलं होतं. पडद्यावर एखादं पात्र धावत असो की रडत असो, मावशी मागून म्हणायच्याच, "थांबा, त्याला जरा उभं राहू द्या की!" हलवायचं काय, कुणीही हलवेल, खरी परीक्षा पात्र उभं करण्यात असते, हा त्यांचा हेका. जुने कसलेले नट एका नुसत्या स्तब्धतेवर अख्खं प्रेक्षागृह तोलून धरत. मावशींची चित्रंही तशीच उभी राहत.

या चित्रपटात त्यांच्या वाट्याला एक म्हातारा आला होता. लेक येणार नाही असा निरोप त्याला मिळतो, तो दारात उभा राहतो, आणि मग खुर्चीत बसतो. बस्स, एवढाच प्रसंग. पण सगळा जीव त्या उभं राहण्यात होता. त्यासाठी मावशी एकच पोझ दोनदा लावत, थांबण्याच्या सुरुवातीला आणि शेवटी. मधल्या वेळात म्हातारा ढिम्म हलत नसे.

घात केला तो सॉफ्टवेअरच्या मराठी मेनूने. 'साठवा'च्या खाली खेटूनच 'साफ करा' होतं. एकसारख्या दोन पोझ दिसल्या की 'साफ करा' त्यातली दुसरी फालतू समजून उडवून टाकी, आणि मग पहिल्या पोझपासून थेट खुर्चीपर्यंतची हालचाल सॉफ्टवेअर आपणच भरून काढी. मावशींचा उजवा हात अलीकडे थरथरायचा, नजर 'सा' वाचून पुढे जायची, आणि बोट खाली घसरायचं. बंद करताना सॉफ्टवेअर 'बदल साठवायचे?' असं विचारायचं, त्या 'हो' म्हणायच्या आणि घरी जायच्या. सकाळी बघावं तर म्हातारा दारातून डुलत डुलत खुर्चीकडे निघालेला.

हे दोनदा झालं. दुसऱ्यांदा तर सगळ्यांदेखत.

"मावशी, आजोबा घेऊन आलेत का हो?" कुणीतरी म्हणालं, आणि खोली खो खो हसली.

सुपरवायझर हसला नाही. माणूस वाईट नव्हता, पण त्याच्याही मानेवर सुरी होती. "शुक्रवारी प्रसंग निर्मात्याकडे गेला पाहिजे," तो म्हणाला. "नाहीतर पुढच्या चित्रपटात तुमच्या खुर्चीवर... जाऊ दे. तुम्ही इंग्रजी मेनू का नाही लावत?"

"लावला होता. नुसतं शोधण्यात दिवस गेला."

शेवटी मावशींनी सॉफ्टवेअरवाल्यांनाच लिहिलं. घरी, जेवणाच्या टेबलावर, तीन-तीनदा खोडून. 'साठवा आणि साफ करा ही दोन बटणं सारखी दिसतात. त्यांना लांब लांब ठेवा. साफ करण्याआधी विचारा. आणि मुद्दाम थांबवलेल्या पोझला कुलूप लावायची सोय द्या. थांबणं म्हणजे केर नव्हे.'

नवरा जन्माचा शिंपी. त्याने चष्म्यावरून वाचलं. "अगं, कात्री आणि टेप एका खिशात ठेवू नये, एवढंच ना तुझं म्हणणं? मग एवढं पुराण कशाला?"

"अहो, तुम्ही गप्प बसा. माझी भाकरी आहे ही."

उत्तर आलं: 'आपली सूचना आमच्यासाठी मोलाची आहे.' मावशींनी ते नवऱ्याला वाचून दाखवलं, मग स्वतःला दाखवलं, आणि गुरुवारी म्हातारा पुन्हा पहिल्यापासून उभा करायला घेतला.

शुक्रवारी सकाळी यंत्र सुरू केलं तर सॉफ्टवेअर नवं होऊन बसलेलं. वर हसरी पट्टी: 'आपल्या सूचनेनुसार बदल! दोन बटणांमुळे होणारा गोंधळ दूर केला आहे. आता साठवताना फाइल आपोआप साफ होईल.'

मावशींनी पट्टी दोनदा वाचली. पायाखालची जमीन सरकणं म्हणजे काय ते त्यांना बसल्याजागी कळलं. त्यांनीच मागितलं होतं हे! आपल्या हाताने आपल्याच म्हाताऱ्याचे पाय कापले होते. कालचं काम उघडलं. तो उभा होता अजून, पण अर्धाच झालेला. डोळे करायचे राहिले होते, खांदे राहिले होते. त्यांनी उजवा हात डाव्याने धरला आणि काम पुरं केलं. न साठवता. बोट वरच्या कोपऱ्यातल्या 'साठवा'कडे गेलं की स्वतःच स्वतःवर ओरडत, "अगं, तिकडे नको!"

दुपारी त्यांनी सुपरवायझरला बोलावलं. "इथेच बघा. काही बोलू नका."

म्हाताऱ्याने निरोप ऐकला. तो उभा राहिला. सुपरवायझरने खिशातला हात बाहेर काढला आणि तसाच ठेवला. म्हातारा बसला.

"मावशी... झकास. साठवा आणि पाठवा."

"साठवला की हा डुलणार."

"म्हणजे?"

मावशींनी पट्टी दाखवली. त्याने ती वाचली आणि एक शिवी गिळली. "मग न साठवता पाठवा."

"साठवल्याशिवाय बाहेरच पडत नाही हो तो!" मावशींचा आवाज चिरकला. "मी काय करू? सांगा ना, काय करू मी?"

सुपरवायझरने फोन काढला, श्वास रोखला आणि पडद्यावरचा म्हातारा तसाच फोनमध्ये टिपला. मग साफ होऊन डुलणाऱ्या जुन्या म्हाताऱ्याचीही फीत जोडली आणि दोन्ही सॉफ्टवेअर कंपनीला धाडल्या. "निर्मात्याकडे उद्या सकाळपर्यंत मुदत मागतो," तो म्हणाला. "तोवर सॉफ्टवेअरवाल्यांनी ऐकलं तर ठीक. नाहीतर डुलणारा जाईल, मावशी. माझा इलाज नाही."

मावशी जागच्या हलल्या नाहीत. कुणी चहा आणला तरी त्यांनी कप यंत्रापासून हातभर लांब ठेवायला लावला. सगळे घरी गेले. तेव्हा नवरा डबा घेऊन आला, बाजूची खुर्ची ओढून बसला आणि पडद्याकडे बघू लागला. मावशींनी प्रसंग लावला. बराच वेळ तो बघत राहिला.

"काय गं," तो कुजबुजला, "बसत का नाही हा बिचारा?"

मावशींच्या डोळ्यांना धार लागली. "बसेल," त्या म्हणाल्या. "तुम्ही डबा उघडा. पण टेबलाला धक्का लावू नका."