हातातली थरथर

डायलिसिसच्या खोलीत एक हात मशीनला जोडलेला असतो आणि तोंड मोकळं असतं. किस्से साचणारच! भंडाऱ्यात आमची मंगळवार-शुक्रवारची सकाळची बॅच. शेजारच्या खाटेवरचा माणूस आता भावकीपेक्षा जवळचा झालाय.

आधी हाताचं सांगतो. मशीनला रक्त मिळावं म्हणून ऑपरेशन करून हातातल्या दोन नसा जोडतात. त्याला फिस्टुला म्हणतात. वर बोट ठेवलं की आत थरथर लागते. ती थांबली की समजायचं, नस बंद पडली. त्या हातावर वजन नको, घट्ट काही नको.

तुमसरच्या एका दवाखान्यात मी सर्दीसाठी गेलो, तर नर्सबाईंनी बीपीचा पट्टा नेमका त्याच हाताला गुंडाळायला घेतला. मी हात मागे ओढला.

"काहून जी, भेता का?"

"हा हात मशीनचा आहे बाई. माझा दुसरा आहे, त्याला लावा."

*

एकोडीच्या यशोदाबाईंना सिस्टरनी डाव्या हातात बांगड्या घालायला मनाई केली. सवाशिणीचा हात रिकामा, गाव काय म्हणेल? पुढच्या खेपेला आल्या त्या उजव्या हातात कोपरापर्यंत हिरवा चुडा भरून.

"दोन्ही हाताच्या एकातच घातल्या," म्हणाल्या. "बुढ्याले कमी नाई पडाव्या."

बुढा, म्हणजे त्यांचा नवरा, दारात पिशवी धरून उभा होता. तो लाजला.

*

करडीचा सुखदेव धानाचा शेतकरी. रोवणीला मजूर मिळेनात, म्हणून हा पऱ्ह्यांच्या, म्हणजे धानाच्या रोपांच्या, ओल्या पेंढ्या फिस्टुल्याच्या हातावर घेऊन चिखलाच्या बांधीत उतरला. दुसऱ्या दिवशी थरथर गायब.

"वजन उचललं ना?" सिस्टर कडाडल्या.

"नाई जी. पेंढ्या तं हलक्या होत्या. पानी जड होतं."

आम्ही पडल्या पडल्या हसलो. मग मशीन चालावं म्हणून त्याच्या मानेत नळी घातली आणि हसू आटलं. पुढे दुसऱ्या हातावर ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, ही शेवटची चांगली नस, आता जपा.  

*

तेव्हापासून त्याची मुलगी वैशाली रोज सकाळी थरथर ऐकायला बापाच्या हाताला कान लावायची. बायको हात लावत नसे. "मले भेव लागते," म्हणायची.

यंदा वैशालीचं लग्न झालं. आम्ही बॅचवाले झाडून गेलो होतो. पाठवणीची वेळ आली. गाडी सुरू, बाया रडताहेत. वैशाली बापाच्या गळ्यात पडली नाही. तिनं त्याची बाही वर केली, मुंडावळ्या बाजूला सारून हाताला कान लावला. मग आईचं बोट धरून तिथं ठेवलं.

"रोज सकाळी, आई. चाय मांडाच्या आंधी."

 आईनं डोळे मिटले. गाडीवाल्यानं हॉर्न दिला, तरी कोणी हललं नाही.

"चालून राह्यलं," आई म्हणाली. "जाय आता तू."