काटा पंचेचाळीसवर

गाडी चालवण्याबद्दल माझी मतं ठाम आहेत आणि ती कुणी विचारायची मी वाट बघत बसत नाही. पाटीवर साठ लिहिलेलं असतं ते नवशिक्यांसाठी. हात बसलेला माणूस रस्ता बघतो, पाटी नाही. शिवाय चेन्नईत पाटी पाळणाऱ्याचे हाल रोज दिसतात. मागून बस हॉर्न वाजवत अंगावर येते, डावीकडून बाइक घुसते, उजवीकडून शेअर रिक्षा, आणि तिघेही जाताना आपल्यालाच शिव्या घालतात. चेन्नईलगतच्या आवडी गावातल्या संरक्षण कारखान्यात माझी सगळी नोकरी अवजड वाहनं चालवून तपासण्यात गेली. ब्रेक काय आणि वेग काय, हे मला कुणी शिकवू नये.

बायकोचं मत बरोबर उलट. ती तंजावरच्या मराठी घरातली. बोलते जुन्या वळणाची मराठी, तिच्यात तमिळ मिसळून, आणि रागावली की तमिळचं प्रमाण वाढतं. गाडी शिकली ती मी निवृत्त झाल्यावर, ड्रायव्हिंग स्कूलमध्ये जाऊन, कारण माझ्याकडून शिकायला तिने साफ नकार दिला. रस्ता मोकळा असला तरी पाटीवरच्या आकड्याच्या अलीकडेच हिचा काटा. गतिरोधक आला की इतक्या हळू चाक चढवणार, की जणू खाली कुणाचं मूल निजलंय. शेजारी बसून मी मोठमोठे उसासे टाकायचो. ती म्हणायची, "तुम्ही उतरा आणि पळत या. मी पुढे जाऊन कॉफी करतें."

त्या रविवारी सकाळी आम्ही कोवलमला गेलो होतो, केरळातल्या नव्हे, चेन्नईच्या दक्षिणेच्या कोळीवाड्यातल्या. मी मूळचा रत्नागिरीचा, मला मासा होडीवरूनच घेतलेला लागतो. तिला वाससुद्धा चालत नाही, म्हणून ती नाकाला पदर लावून गाडीतच बसते. जाताना अर्थातच मी चालवली, आणि चांगली पळवली. किनाऱ्यावर घासाघीस करून वंजरम घेतला, म्हणजे आपली सुरमई. बर्फाचा डबा उचलून वाळूतून गाडीकडे निघालो तर अर्ध्या वाटेत छातीत काहीतरी आवळलं. डावा हात जड झाला. डबा डिकीत ठेवेपर्यंत शर्ट घामाने चिंब झाला होता.

तिने माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि गाडीतून उतरली. "काही नाही, मीच चालवतो," असं मी म्हणालो खरा, पण किल्ली हातातून गळून पडली. तिने ती उचलली, मला डावीकडच्या सीटवर बसवलं आणि पट्टा लावला. मला भीती वाटत होती. आयुष्यात इतकी कधी वाटली नव्हती.

"आवडीला चल," मी म्हणालो. "केळंबाक्कम, वंडलूर, आणि पुढे रिंगरोड. तिथे शंभरने सोड."

हे बोलताना मला ते अगदी शहाणपणाचं वाटत होतं. आम्हा कारखान्याच्या माणसांना आजारपण म्हटलं की कारखान्याचंच हॉस्पिटल आठवतं. तिथे आमचं कार्ड चालतं, डॉक्टर ओळखतात, सिस्टर घरच्यांची चौकशी करतात. सुट्टीत गावी गेलेली आमची माणसं ताप अंगावर काढतात आणि औषध घ्यायला आवडीला परततात. बाहेरच्या हॉस्पिटलात जायचं म्हणजे आम्हाला बोलावणं नसताना जेवायला गेल्यासारखं वाटतं. आवडी शहराच्या पार दुसऱ्या टोकाला होती, पण ते अंतर मी मनातल्या मनात वेगाने भागून टाकलं होतं.

तिने आरसा नीट केला आणि गाडी सुरू केली.

केळंबाक्कमच्या रस्त्याला लागलो. दोन्ही बाजूंना खाडीचं पाणी, आणि पुढे खडीने भरलेला एक टिपर, रस्ता अडवून चाललेला. हिचा काटा पंचेचाळीसवर.

"काढ पुढे!"

"समोरून बस येते आहे."

"ती थांबेल. तू घुसव!"

तिने घुसवली नाही. बस गेली, तिच्यामागून एक व्हॅन गेली, आणि टिपर तसाच पुढे. त्याच्यातली खडी आमच्या काचेवर टपटपत होती. माझ्या जबड्यापर्यंत कळ चढत होती आणि ही बाई दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून, ड्रायव्हिंग स्कूलच्या परीक्षेला बसल्यासारखी ताठ. गतिरोधक आला. तिने नेहमीसारखी गाडी हळू केली. मी तिला नको नको ते बोललो. मग बोलायचा दमच राहिला नाही. मी डोळे मिटून घेतले.

उघडले तेव्हा आम्ही चौकात उभे होतो. सिग्नल लाल.

"तोड," मी म्हणालो. "मरतोय मी इथे!"

"कोंजम पोरुंगो," ती म्हणाली. जरा दम धरा. आडव्या रस्त्याने गाड्यांची रांग भरधाव चालली होती, मोकळी फट कुठेच नव्हती. पण मला ते दिसत नव्हतं. मला एवढंच वाटत होतं की ही मला नियमात बसवून मारणार. इतका राग मला तिचा कधी आला नव्हता.

सिग्नल सुटला. वंडलूरला सरळ जायचं होतं. तिने इंडिकेटर दिला आणि हॉस्पिटलची पाटी होती तिकडे गाडी वळवली.

"इकडे कुठे? सरळ घे!"

"नाही."

"अगं, इथे आपलं कार्ड चालायचं नाही!"

"आवडी लांब आहे," ती म्हणाली. "शंभरने गेलें तरी लांबच. हें हॉस्पिटल जवळ आहे."

पुढचं मला तुकड्यातुकड्यांत आठवतं. फाटकातल्या रखवालदाराने खुर्ची आणली. ती तमिळमध्ये डॉक्टरांना सगळं सांगत होती, दुखायला कधी लागलं, घाम किती आला, मला कुठल्या गोळ्या चालू आहेत. दुपारपर्यंत माझ्या रक्तवाहिनीत स्टेंट बसला होता. संध्याकाळी डॉक्टरांनी विचारलं, कुठे निघाला होतात? मी म्हणालो, आवडीला. त्यांनी माझ्याकडे एकदा नीट पाहिलं आणि ते पुढच्या पेशंटकडे गेले.

दुसऱ्या दिवशी बरं वाटायला लागलं, तशी माझी खोड परत जागी झाली. ती कॉटशेजारी मोसंबं सोलत होती.

"आणलंस वेळेवर, सगळं खरं," मी म्हणालो. "पण माणसाचा जीव जात असताना पंचेचाळीस? तो टिपर तरी मागे टाकायचास."

तिने मोसंबं ताटलीत ठेवलं.

"तुम्ही ओरडत होतां तोवर मला धीर होता," ती म्हणाली. "मग डोळे मिटून गप झालां. मी रस्ता बघायची, मग तुमच्या शर्टाची गुंडी बघायची, हलते का. मग परत रस्ता. मग परत गुंडी. दोन्हीकडे बघायचं तर त्याहून जोरात कसं चालवूं?"

हे सांगतानाही तिची नजर माझ्या छातीवरच होती.