अध्यक्षांचा तारा

लोसलीनला सर्व्हरमधलं सगळं कळायचं, पण तो वापरणाऱ्या भावाच्या पडद्याकडे बघायची सोय नव्हती. व्हावाउ बेटाच्या त्या टोकाच्या गावात मोठे झालेले भाऊबहीण एका खोलीत बसत नाहीत, मग एका पडद्यात डोकं घालणं दूरच. मान बहिणीचा, ती आली की भावाने उठून जायचं. मच्छीमार संस्थेचा सर्व्हर लोसलीन सांभाळायची आणि संस्थेचा अध्यक्ष होता तिचा थोरला भाऊ सितिवेनी. सातासमुद्रापार पोचणारं जाळं तिच्या हाती, आणि शेजारच्या टेबलाशी जायची मात्र चोरी.

सितिवेनीची तक्रार अशी की संस्थेच्या हिशेबाचा डॅशबोर्ड त्याला हाकलतो. नाव-पासवर्ड घालून आत जावं, मासळीचं वजन बघावं, मुख्य पानावर परतायला ब्राउझरमध्ये पानाची खूण म्हणून साठवलेल्या ताऱ्यावर बोट ठेवावं, की हा बाहेर. अध्यक्षालाच हाकलतात म्हटल्यावर समिती खवळली. ऑकलंडच्या एका कंपनीचा ग्रेग नावाचा माणूस तपासणीला बोलावला गेला. सोमवारी त्याला सर्व्हर सदोष वाटला, तर लोसलीनचं काम कंपनीकडे जाणार होतं. आणि या कामावर तिचा भारी जीव होता.

रविवारी तिथे कामाला हात लावत नाहीत, म्हणून शनिवारीच, भाऊ बोटींकडे गेल्यावर, तिने वहिनीला त्याच्या खुर्चीत बसवलं आणि स्वतः बाहेर पायरीवर बसली. खुर्ची रिकामी असली तरी भावाचीच. रीत म्हणजे रीत.

"वन्सं, आत गेले बरं का!" सेइनी आतून ओरडली. "आता यांच्या ताऱ्यावर बोट... अगंबाई, काढलं की हो बाहेर! सासूबाईंनी नाही कधी मला असं काढलं!"

"माझ्या आईला मध्ये आणू नकोस. वर पत्ता आलाय ना, त्यातला शेवटचा शब्द वाच."

"लॉगआउट."

लोसलीनने कपाळावर हात मारला. डॅशबोर्ड सुरू झाला त्या दिवशी तिने भावाला निरोप धाडला होता, पान उघडलं की तारा दाबून साठवून ठेव. तो तारा दाबणार, नेमकी त्याच वेळी ती संस्थेची पायरी चढली. बहीण आली म्हणजे उठायलाच हवं, आणि सभ्य माणूस पसारा उघडा टाकून उठत नाही. सितिवेनीने आधी रीतसर लॉगआउट केलं, मग निरोपाप्रमाणे तारा दाबला, मग तो उठला. साठवलं गेलं ते बाहेर पडायचं पान. थोडा उद्धट असता तर सगळं सुरळीत चाललं असतं. वर हाच पत्ता त्याने मोठ्या कौतुकाने बोटी चालवणाऱ्या सगळ्या तांडेलांना पाठवला होता. तेही बिचारे रोज बाहेर फेकले जात होते.

"मी सांगते त्यांना," सेइनी हसू दाबत म्हणाली. "करतील कबूल सगळ्यांपुढे."

"खबरदार! दादाचं हसं झालेलं मला चालणार नाही."

"अहो, पण तुमचं काम जाईल त्याचं काय?"

"जाऊ दे."

घरी जाऊन लोसलीनने सर्व्हरमध्येच बदल केला. लॉगआउटच्या पत्त्यावर जो जाईल तो सरळ मुख्य पानावर पोचेल. भावाचा तारा चालू लागला, तांडेलांचाही. फक्त आता कुणालाच बाहेर पडता येईना. आजवर धडधाकट असलेला सर्व्हर तिने दादाची चूक झाकावी म्हणून स्वतःच्या हाताने बिघडवला.

सेइनीच्या पोटात काही राहिलं नाही आणि ताऱ्याची गोष्ट नवऱ्याच्या कानावर गेली, हे वेगळं सांगायला नको.

सोमवारी संस्थेत समिती बसली. लोसलीन बाहेर खिडकीखाली, वहिनीशेजारी. सितिवेनी उभा राहिला. "सर्व्हर उत्तम आहे. चूक माझी. बाहेर जायचं पान मी साठवलं आणि बोल बहिणीला लावला."

लोसलीनने वहिनीकडे रोखून पाहिलं.

ग्रेगने अध्यक्षांच्याच मशीनवर तारा दाबला. मुख्य पान उघडलं. मग त्याने लॉगआउटचं बटण दाबलं. पुन्हा मुख्य पान. तिसऱ्यांदा तेच. "साहेब, तुमचा तारा ठीक आहे. सर्व्हरच बाहेर सोडत नाही. हा मोठा दोष आहे."

काम कंपनीकडे गेलं. पण समितीचं तिकडे लक्षच नव्हतं. म्हाताऱ्या तांडेलांचे डोळे भरून आले होते.

"बहिणीसाठी सगळ्यांपुढे खोटं बोलला!"

"असा भाऊ मिळायला नशीब लागतं."

"अरे, मी खरं सांगतोय!" सितिवेनी टेबलावर हात आपटून ओरडला. "तारा माझाच चुकला होता!"

"बघा, अजून बहिणीची बाजू सोडत नाही," कुणीतरी गहिवरून म्हणालं, आणि सगळ्यांनी मान डोलावत टाळ्या वाजवल्या.

खिडकीखाली सेइनीने नणंदेचा दंड धरला. "वन्सं, ते खरंच बोलतायत हो. आत जाऊन सांगा ना."

"तो खरा आहे हे सांगायचं तर मी काय केलं तेही सांगावं लागेल," लोसलीन म्हणाली. "मग माझ्यासाठी त्याने घेतलेली लाज मीच फुकट घालवली, हे त्याला कळेल."

तिला रडू आवरेना. आत तिचा भाऊ एकटाच खरं ओरडत होता, आणि टाळ्या थांबत नव्हत्या.