भोंगा कधी बंद झाला

रूळ उचलताना कोण जोर लावतो आणि कोण नुसता हात लावतो, हे लांबून कळत नाही. सगळेच वाकलेले असतात, सगळ्यांचेच दात आवळलेले असतात. कळतं ते शेजारच्याच्या खांद्याला. लिंबाजी माझ्या शेजारी उचलायचा. त्याच्या बाजूचं वजन माझ्याकडं कधी सरकलं नाही. रेल्वेच्या पिंगळीच्या गँगमध्ये आम्ही बरोबर राबलो आणि मागेपुढे घरी बसलो.

एकदा मुकादमानं सगळ्यांसमोर त्याचं कौतुक केलं. लिंबाजी फावड्याच्या दांड्याकडं बघत म्हणाला, "नगं साहेब. मला शाबासकी पचत न्हाई."

सगळे हसले. लिंबाजी हसला नाही. त्याला शाबासकी एकदाच मिळाली होती, आणि ती दुसऱ्याची होती.

रेल्वेत येण्याआधी तो दिनकररावांकडं सालगडी होता. गाव पिंगळीहून पायी जाण्याजोगं. दिनकररावांची जमीन काळी, बैल देखणे, आणि चैत्रातल्या जत्रेचा पट, म्हणजे बैलजोड्यांची शर्यत, त्यांच्याच वडिलांनी सुरू केलेला. बाकी ठिकाणी जोड्या सरळ पळवतात. इथं गायरानातल्या टेकाडाभोवती लांबट गोल वाट होती आणि तिला तीन फेरे घालायचे. छकडा म्हणजे दोन चाकं, आस, दांडी आणि जू. बाजूला फळी नाही, चाकाला आडोसा नाही. हाकणारा दांडीवर बसतो. तोल गेला की चाक शेजारीच असतं.

म्हणून एक नियम जुना होता. हलगी वाजते तोवर पट. कुणी पडलं की हलगी थांबायची, आणि ती थांबली की ज्यानं त्यानं आपली जागा धरून चालायचं, पुढच्याला ओलांडायचं नाही. पडलेल्या माणसाला उचलून बाहेर काढलं की पुन्हा हलगी. वाजवणारे टेकाडावर उभे असत. तिथून सगळी वाट दिसते.

हलगी बौद्धवाड्यातले लोक वाजवत. धर्म बदलल्यावर गावकीची कामं त्यांनी सोडली होती. पटाची हलगी मात्र हौसेनं धरत. मग अठ्ठ्याहत्तर साल आलं. विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव झाला आणि मराठवाड्यात काय काय झालं ते सांगायला नको. आमच्या भागातल्या या गावात घरं जळाली नाहीत. पण बौद्धवाड्याला दुकान बंद केलं, पिठाची गिरणी बंद केली, वाटेवर काटे टाकले. बौद्धवाड्यातले लोक पेडगावाहून दळून आणत. पुढच्या चैत्रात हलगी घेऊन कुणी आलं नाही.

त्याच्या पुढच्या वर्षी दोन पट झाले. एक गायरानात, दिनकररावांचा. दुसरा आटलेल्या तळ्यात. तो बौद्धवाड्यानं आणि काही छोट्या शेतकऱ्यांनी भरवला होता. त्यांचा म्होरक्या बन्सीधर, थोड्या जमिनीचा, तोंडानं फटकळ. दोन्ही पट एकाच दिवशी. पाहुण्यांनी कुठं जावं हे कळेना. भाऊ एका पटाला, मेहुणा दुसऱ्या पटाला.

गायरानात हलगीच्या जागी भोंगा आला. टेकाडावर खांब, खांबावर भोंगा, आणि टेकाडाच्या अलीकडं, पायथ्याला मंडपवाला कॅसेट लावून बसलेला. नियम तसाच ठेवला. भोंगा वाजतो तोवर पट, थांबला की जागा धरायची. पंच तात्याराव म्हणाले, आवाज हलगीपेक्षा लांब जातो. ते खरंच होतं. फक्त हलगीवाल्याला डोळे असतात, आणि भोंगा विजेवर चालतो, हे कुणाच्या मनात आलं नाही.

असे पाच-सहा चैत्र गेले. मग एका वर्षी ऐन जत्रेत बन्सीधर आपली जोडी घेऊन गायरानात आला. मीही त्या दिवशी पट बघायला गेलो होतो.

"दिनकरराव, जोडी पळवायची हाय."

"तुमचा पट तळ्यात हाय न्हवं? तिथंच पळवा. गाळ मऊ असतो, पडलं तरी लागत न्हाई."

माणसं हसली. बन्सीधरही हसला. "तळ्यात पळवून कटाळलो. हरवायला समोर कुणी लागतंय ना."

"हाकणार कोण?"

"नागनाथ."

हसणं थांबलं. नागनाथ बौद्धवाड्यातला, गवंडीकाम करणारा. त्याच्या चुलत्यानं टेकाडावर हलगी वाजवलेली. जोडी धरून तो मागं उभा होता.

पाहुणे बसलेले होते. नाही म्हणणं दिनकररावांना कमीपणाचं वाटलं. "हरलात तर?" त्यांनी विचारलं.

"हरलो तर पुन्ना या गायरानात पाय ठेवणार न्हाई. जिंकलो तर पट एकच. हितंच. पंचात आमचीबी मानसं बसतील."

"मंजूर," दिनकरराव म्हणाले. मग वळून त्यांची जोडी हाकणाऱ्या लिंबाजीला म्हणाले, "ऐकलंस का रे?"

"ऐकलं, मालक."

पाच जोड्या सुटल्या. पहिल्या फेऱ्यात लिंबाजी पुढं होता. दुसऱ्या फेऱ्यातही पुढं होता, पण चाबूक जास्त चालायला लागला होता. मालकाचे बैल देखणे होते. वर्षभर मात्र त्यांना नुसतं खाऊ घातलेलं, काम लावलेलं नव्हतं. बन्सीधरची जोडी नांगराची. ती पहिले दोन फेरे मागं राहिली आणि तिसऱ्याला तिनं वेग धरला. मी खालच्या वळणावर होतो. दोघं माझ्यासमोरून गेले तेव्हा नागनाथ छकडाभर मागं होता आणि त्याचा चाबूक काखेत होता. मग ते टेकाडाआड गेले.

टेकाडाआड तीन गोष्टी घडल्या. बराच मागं असलेल्या एकाचा, पंडितचा, छकडा उलटला. वीज गेली आणि भोंगा बंद पडला. आणि नागनाथ लिंबाजीच्या पुढं गेला. कशाच्या आधी काय, हाच सगळा वाद.

टेकाडाआडून नागनाथ पुढं निघाला आणि तसाच शेवटच्या खुणेच्या दगडावरून गेला. लिंबाजी मागून आला. पंडितचा पाय सोलला होता. तो शिव्या देत होता, म्हणजे बरा होता. तळ्याकडून धावत आलेल्या माणसांनी नागनाथला खांद्यावर घेतलं. तेवढ्यात मंडपवाला ओरडला, "भोंगा बंद व्हता! बंद झाल्यावर गेला त्यो!"

"आधी गेला!" तळ्याकडचे ओरडले.

"तुमी तळ्यातनं बघायलाव का?"

"तुझ्या भोंग्याला पडलेला मानूस दिसतो का? लाइट गेली तर पट थांबवायचा व्हय?"

तात्याराव बाजेवर उभे राहिले. वीज का गेली याच्याशी नियमाला देणंघेणं नाही, म्हणाले. भोंगा बंद म्हणजे बंद. प्रश्न एवढाच, नागनाथ पुढं गेला तो त्याच्या आधी की नंतर. टेकाडाआड त्या दोघांच्या जवळ कुणी नव्हतं, बाकीचे मागं होते. एकाला विचारून उपयोग नाही, तो जिंकलेला. दुसऱ्याला विचारू. दोन्हीकडच्यांना ते पटलं. बन्सीधर तर चटकन हो म्हणाला. लिंबाजी खोटं बोलणारा माणूस नाही, हे तळ्याकडच्यांनाही माहीत होतं. मला हे अजून बोचतं. त्यांनी त्याच्यावर भरवसा ठेवला होता.

"लिंबाजी, सांग," तात्याराव म्हणाले. "भोंगा आधी बंद झाला का नागनाथ म्होरं गेल्यावर?"

लिंबाजीच्या हातात अजून कासरे होते. बैलांच्या तोंडाला फेस होता. त्यानं एकदा दिनकररावांकडं बघितलं. दिनकरराव त्याच्याकडं बघत नव्हते, फेटा सारखा करत होते.

"आधी," लिंबाजी म्हणाला.

एवढंच. गायरानात आरडाओरडा झाला. नागनाथ खांद्यावरून स्वतःच उतरला. त्यानं जोडी सोडली, बैलांच्या मानेवर जू घासलं होतं तिथं हात फिरवला. जाताना लिंबाजीपाशी थांबला.

"तुझ्या बैलास्नी इचार," म्हणाला, आणि गेला.

लिंबाजीला पितळेची घागर मिळाली. दिनकररावांनी स्वतःचा फेटा त्याच्या डोक्यावर ठेवला. वाजतगाजत घरापर्यंत आणला. त्याची बायको धुरपताबाई घागर घासून पाणी भरायला लागली. लिंबाजी त्या घागरीतलं पाणी पिईना. रांजणातलं घ्यायचा. "पाणी एकाच आडाचं हाय," धुरपताबाई म्हणायची.

त्यानं हे सगळं मला एका बैठकीत सांगितलं नाही. रुळाखालची खडी ठोकताना, थोडं थोडं. तो म्हणाला, भोंग्यावर बाई गात होती. तिचा आवाज चालू असताना नागनाथची जोडी आपल्या शेजारून गेली, त्याची आस आपल्या बैलांच्या पुढं निघाली, आपण चाबूक ओढला, बैल सरकले नाहीत. मग बाईचा आवाज तुटला. क्रम त्याला स्वच्छ माहीत होता.

"मालकाला भ्यालास का?" मी विचारलं.

त्यानं बराच वेळ खडी ठोकली. "भ्यालोबी. पर नुसता भ्यालो असतो तर एवढं लागलं नसतं. मला जिंकायचं व्हतं."

पुढच्या पाडव्याला त्यानं सालाची बोली केली नाही. रेल्वेत रोजंदारीवर लागला, पुढं कायम झाला. बन्सीधर शब्दाचा पक्का. तो गायरानात परत आला नाही. पण दोन पटांत गाव पुरेना. कधी इकडं जोड्या कमी, कधी तिकडं. आधी तळ्यातला पट बंद पडला, मग गायरानातला. वाटेवर बाभळी आल्या. जत्रेत नुसत्या कुस्त्या राहिल्या. पट मोडण्याचं कारण लोक बरंच काही सांगत. लिंबाजी ते ऐकून उठून जायचा.

एका सुटीच्या दिवशी तो घागर घेऊन नागनाथच्या घरी गेला. भर दुपारी, रस्त्यानं. नागनाथ ओट्यावर बसला होता.

"ही तुझी हाय," लिंबाजी म्हणाला. "भोंगा नंतर बंद झाला व्हता."

"मला सांगायलास?" नागनाथ म्हणाला. "मी तिथंच व्हतो की."

लिंबाजी उभाच राहिला.

"घागर काय, मी बी घेईन इकत. जिथं बोललास तिथं बोल. अन् पाणी प्यायचं असंल तर बस."

लिंबाजी बसला. नागनाथच्या बायकोनं, चांगुणाबाईनं, तांब्या आणून दिला. या घरात तो पहिल्यांदाच पाणी पीत होता. तांब्या तोंडाला लावण्याआधी आपला हात क्षणभर अडला, हे त्यानं मला सांगितलं. चांगुणाबाईनं ते बघितलं, हेही सांगितलं. मग तो प्याला, आणि घागर खांद्यावर घेऊन त्याच रस्त्यानं परत आला. लोक विचारत होते, "काय लिंबाजी, पाणी आटलं का?"

जिथं बोललो तिथं बोलायला त्याला आणखी काही वर्षं लागली. चौऱ्याण्णवच्या जानेवारीत विद्यापीठाचा नामविस्तार झाला. गावात कुणी फार बोललं नाही. बौद्धवाड्यात त्या दिवशी हलगी वाजली, स्वतःसाठी. ती ऐकून लिंबाजीला झोप आली नाही म्हणे.

त्या चैत्रात मी त्याच्याबरोबर जत्रेला गेलो. कुस्त्या सुरू व्हायच्या होत्या. भोंगा लागला होता. लिंबाजीनं मंडपवाल्याला तो बंद करायला सांगितलं, घागर खुणेच्या जुन्या दगडावर ठेवली आणि उभा राहिला. तात्याराव वारले होते, बन्सीधरही. दिनकरराव खुर्चीवर होते, थकलेले. बौद्धवाड्यातले लोक कडेला होते. नागनाथ होता.

"त्या साली पंचांनी मला इचारलं व्हतं," लिंबाजी म्हणाला. "मी आधी म्हणलो. आधी न्हाई. नंतर. नागनाथ जिंकला व्हता."

पोरांना कशाबद्दल चाललंय ते कळेना. जाणती माणसं खाली बघायला लागली. दिनकरराव म्हणाले, "तवा खोटं बोललास का आता बोलायलास?"

"तवा, मालक."

"मग आता काय उपेग? पट हाय का?"

"न्हाई."

मंडपवाल्यानं भोंगा पुन्हा लावला. नागनाथ माणसांतून पुढं आला. मला वाटलं हात धरेल. त्यानं धरला नाही.

"ऐकलं," एवढंच म्हणाला, आणि कुस्त्या न बघता गेला.

आम्ही परत निघालो. पिंगळीच्या फाटकापाशी थांबून लिंबाजी म्हणाला, "हलकं वाटंल म्हणत व्हते लोक. न्हाई वाटत."

घागर दगडावरच राहिली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी धुरपताबाई जाऊन ती उचलून घेऊन आली. लिंबाजी दारात होता.

"कशाला आणलीस?"

"लाज तुमची हाय," ती म्हणाली. "घागर काय वाईट हाय?"

ती अजून त्यांच्या घरी आहे. लिंबाजी अजून रांजणातलंच पाणी पितो.