अर्ध्या मडक्याची भिंत

संगप्पाने आयुष्यभर अर्धीच चित्रं काढली. यात त्याला कधी काही चुकल्यासारखं वाटलं नाही.

तो सोलापूरच्या एका चादरीच्या कारखान्यात नक्षी काढायला होता. चौकटीच्या कागदावर पेन्सिलीने अर्धं फूल, अर्धी वेल, अर्धा मोर. कागदाच्या उजव्या कडेला मोराची चोच टेकली की संगप्पा पेन्सिल कानावर ठेवायचा आणि उठायचा. पुढचं काम मागाचं. मागाच्या डोक्यावर नक्षीचे धागे उचलणारं जकार्डचं यंत्र असे आणि त्यातून पावसासारख्या खाली येणाऱ्या दोऱ्या बांधायचं काम अल्लाउद्दीन करी. यंत्राच्या एका आकड्याला दोन दोऱ्या. एक डावीकडं जाणारी, दुसरी तेवढ्याच अंतरावर उजवीकडं. डावीकडचा धागा उचलला गेला की उजवीकडचाही उचलला जाई. चादर वीतभर विणून झाली की अल्लाउद्दीन हाक मारायचा, "ये बे संगप्पा, तुझं पाप दुप्पट झालंय, बघून जा."

संगप्पा जाऊन बघायचा. एका मोराचे दोन झालेले असायचे, एकमेकांकडं तोंड करून. दुसऱ्या मोराकडं बघताना त्याला दर वेळी थोडं नवल वाटे. तो आपण काढलेला नाही, हे त्याला ठाऊक असे.

कारखाना बंद पडला तेव्हा दोघांचेही केस पिकले होते. भवानी पेठेच्या मागच्या अंगाला दोघांची घरं पाठीला पाठ लावून. संगप्पाचा बोळ एकीकडं उघडायचा, अल्लाउद्दीनचा दुसरीकडं, आणि दोन्ही बोळ जिथं रस्त्याला मिळत तिथं बंद गोदामाची लांबलचक भिंत होती. भिंतीखालच्या दगडी कट्ट्यावर दोघं संध्याकाळी बसत. फार बोलत नसत. जन्मभर मागांच्या खडखडाटात काम केलेल्या माणसांना शांतता पुरवून पुरवून खायची सवय लागते.

मग गेल्या वर्षी एका मिरवणुकीत दगड आले. पहिला कुणी टाकला ते दोन्ही बोळांना पक्कं माहीत होतं, आणि दोन्ही बोळांची माहिती वेगळी होती. इकडच्या एका पोराच्या कपाळाला टाके पडले. तिकडं अल्लाउद्दीनच्या मुलाच्या, आरिफच्या रिक्षाची काच फुटली. आत त्याची लहान मुलगी बसलेली होती. तिला लागलं नाही, पण ती बरेच दिवस रिक्षात बसेना, रात्री दचकून उठे.

त्यानंतर कट्टा रिकामा राहिला. संगप्पा आणि अल्लाउद्दीन यांच्यात भांडण झालं नव्हतं. तेच वाईट होतं. भांडण असतं तर मिटवता आलं असतं. इथं मिटवायला काहीच नव्हतं; नुसता एक दिवस गेला, मग दुसरा, आणि मग जाणं अवघड होऊन बसलं.

आणि आता अल्लाउद्दीन घर सोडून चालला होता. आरिफने शहराच्या पलीकडच्या टोकाला जागा घेतली होती. येत्या रविवारी टेम्पो येणार होता. ही बातमी संगप्पाला बायकोनं, गौरम्मानं दिली, भाकरी थापता थापता, त्याच्याकडं न बघता.

"जाऊन भेटा की."

"काय म्हणू?"

"मला काय इचारताव? मी हुते का तुमच्यासंगं कारखान्यात?"

संगप्पा गेला नाही.

त्याच आठवड्यात बोळातली वैष्णवी त्याच्याकडं आली. ती शाळेत चित्रकला शिकवायची. गोदामाच्या मालकानं भिंत रंगवायला परवानगी दिली होती, आणि दोन्ही बोळांनी मिळून ती रंगवावी असं तिच्या मनात होतं.

"काका, नक्षी तुमची पाहिजे. चादरीवरची. ती दोन्हीकडच्या घरांत आहे."

"मोर?"

"मोर नको. तिकडच्या काही म्हाताऱ्यांना भिंतीवर जिवंत प्राण्याचं चित्र चालत नाही. मडकं काढा, त्यातून वर जाणारी वेल."

तिकडून कोण येणार आहे, हे संगप्पानं विचारलं. "सांगून आलेय सगळ्यांना," वैष्णवी म्हणाली.

शुक्रवारी सकाळी संगप्पानं दोरीला नीळ लावून भिंतीवर आडव्या-उभ्या रेषा मारल्या. भिंतीचा चौकटीचा कागद झाला. मग हातात कोळसा घेऊन तो शिडीवर चढला. कैक वर्षांनी हात चालू लागला होता. मडक्याचं पोट, गळा, काठ. काठावरून उसळलेली वेल, तिची पानं, कळ्या, वर एक मोठं फूल. बायका पाण्याच्या घागरी घेऊन थांबत, बघत, जात. दुपारी तो खाली उतरला, कोळसा ठेवला, हात धुतले आणि म्हणाला, "झालं."

गौरम्मा जेवायला बोलवायला आली होती. तिनं भिंतीकडं पाहिलं. मग नवऱ्याकडं. "यप्पा! अर्धंच की वो हे!"

बरोबर भिंतीच्या मध्यावर मडकं कापल्यासारखं संपलं होतं. वेलही तिथंच संपली होती, फूलही. उजवीकडं नुसत्या निळ्या चौकटी.

"संगप्पा, ह्या मडक्यात पाणी कुटं ऱ्हाणार?" कुणीतरी विचारलं आणि इकडची माणसं हसली. "अर्धं तिकडं गळालं जणू!"

संगप्पा हसला नाही. आपली नक्षी एकटी त्यानं पहिल्यांदाच बघितली होती. कागदावर ती अर्धी वाटायची नाही; पलीकडं माग असायचा. इथं मध्यरेषेच्या पलीकडं कोणी नव्हतं. चिरलेल्या मडक्याची ती सरळ कड त्याला बघवेना.

"काका, काळजी करू नका," वैष्णवी म्हणाली. "ट्रेसिंग करून उलटं लावू. तासाभराचं काम."

"नको."

"का?"

"ती बाजू माझी न्हाय," संगप्पा म्हणाला. आणि जेवायला न जाता तो पलीकडच्या बोळात शिरला.

अल्लाउद्दीनच्या दारात गाठोडी बांधून ठेवलेली होती. अल्लाउद्दीन कॉटवर बसून सुतळीच्या गुंत्यातून गाठी सोडवत होता. त्यानं वर पाहिलं. त्याची बायको अजीजा आतून बाहेर आली आणि पदर सावरत तशीच उभी राहिली.

"भिंतीवर मडकं काढलंय," संगप्पा म्हणाला. अल्लाउद्दीनशी वर्षभरानंतर बोललेलं त्याचं हे पहिलं वाक्य.

"ऐकलं. अर्धं."

"दुसरं अर्धं तू कर."

"मला कुठं चित्र येतं बे?"

"दोऱ्या येतात की."

अल्लाउद्दीन गाठ सोडवत राहिला. बोलला तो आरिफ, दारातून.

"चाचा, राग मानू नका. उद्या त्या भिंतीवर कुणी घाण केली, तर नाव कुणाचं येणार? आमच्या बाजूचं. अब्बांना कशाला ओढताय? परवा आम्ही जायलो."

आरिफ खोटं बोलत नव्हता. अजीजानं पाणी आणलं, ते पिऊन संगप्पा परत आला. त्या दिवशी तो जेवलाही नीट नाही. गौरम्मानं एकदाही टोकलं नाही, यावरून त्याला कळलं की अल्लाउद्दीन येणार नाही हे तिलाही कळलंय.

शनिवारी उन्हं वर आली तेव्हा भिंतीपाशी अल्लाउद्दीन उभा होता. बगलेत सुतळीचं भेंडोळं, दातांत खिळे. त्यानं भिंतीच्या मध्यावर, प्रत्येक आडव्या निळ्या रेषेवर एकेक खिळा ठोकला. मग एक सुतळी खिळ्याला दुमडून अडकवली आणि तिची दोन्ही टोकं डावीकडं एका पानाच्या शेंड्यापर्यंत नेली.

"हितं दोघांनी चिमूट धरायची," तो म्हणाला. "एकानं तितंच थांबायचं. दुसऱ्यानं आपली दोरी घेऊन तेवढ्याच उंचीवर उजवीकडं जायचं, ताणायची, बोटापाशी खूण करायची. झालं पान."

"मी आणि गौरम्मा धरतो की," संगप्पा म्हणाला.

"एका घरातली दोघं चालणार न्हाईत. बोलत बसतात." अल्लाउद्दीननं बोळाच्या तोंडाशी जमलेल्या माणसांकडं पाहिलं. "ज्यांची बोलाचाल बंद हाय, असले द्या. काम लवकर उरकतं."

आधी कुणी हललं नाही. मग गौरम्मा पुढं आली आणि तिनं पलीकडं उभ्या असलेल्या अजीजाकडं हात केला. "ये की गं. का मेहंदी लावून बसलीस?"

पानाच्या शेंड्यावर दोघींची बोटं एकत्र आली. मग अजीजा आपलं टोक घेऊन उजवीकडं गेली.

"ताण! ढिली सोडू नको!" अल्लाउद्दीन ओरडला.

"ताणतेय! तुमीच बघा म्हाताऱ्या डोळ्यांनी!"

दुसरी जोडी आली, मग तिसरी. कपाळाला टाके पडलेला पोरगा एका दोरीला होता आणि दुसऱ्या टोकाला तिकडचा खाटीक, ज्याच्याशी त्याची आई आता बोलत नसे. दोघं एकमेकांकडं न बघता काम करत होते. पण सुतळी ढिली पडली की बघावंच लागे. "वर घे." "किती?" "थोडं. बास." एवढंच बोलणं दिवसभर भिंतीवरून डावी-उजवीकडं जात राहिलं.

खुणा जोडल्यावर मात्र घोटाळा दिसला. उजवीकडच्यांनी जोर लावून सुतळी ताणली होती आणि सुतळी लांबली होती. उजवीकडचं मडकं डावीकडच्यापेक्षा चांगलंच फुगलं होतं.

"तिकडची बाजू लई खाऊन बसलीय," गौरम्मा म्हणाली.

"अक्का, आमच्याकडं पाहुण्याला अर्धपोटी ठेवत न्हाईत," अजीजा म्हणाली, आणि या वेळी हसताना रस्त्याचे दोन भाग झाले नाहीत.

वैष्णवी पुसून दुरुस्त करायला निघाली. संगप्पानं तिला थांबवलं. तो मागं सरकून बराच वेळ त्या फुगीर बाजूकडं बघत राहिला, पूर्वी मागापाशी उभा राही तसा.

"चालतंय?" अल्लाउद्दीननं विचारलं.

"चालतंय."

"कारखान्यात असतं तर मला घरी पाठवलं असतं."

"आता कोण पाठवतंय?"

हे बोलून गेल्यावर संगप्पाला उद्याचा रविवार आठवला. अल्लाउद्दीनलाही आठवला असावा. त्यानं उरलेली सुतळी गोळा केली आणि तो घरी गेला.

टेम्पो सकाळीच आला. रंगाचे डबे उघडलेले होते. इकडचे तिकडचे भिंतीपाशी जमत होते. अल्लाउद्दीन आला आणि शिडीवर चढून उजव्या वेलीला हिरवा रंग देऊ लागला. संगप्पानं शिडी धरली. आरिफ बोळाबाहेर येऊन खाली उभा राहिला.

"अब्बा, गाडी थांबलीय."

"भर की."

"भरली. तुमची कॉट ऱ्हायलीय."

अल्लाउद्दीननं एक पान पुरं केलं. "ती राहू दे," तो म्हणाला. "माझी आणि तुझ्या अम्मीची. तुमी जावा. पोरीला तितं झोप लागत असंल तर तितंच लागू दे."

"आणि इथं काही झालं तर?"

"व्हईल तवा तुला फोन करतो. तू रिक्षा घेऊन येशील. येशील का न्हाय?"

आरिफनं भिंतीकडं पाहिलं नाही. तो बापाच्या पायांकडं बघत होता, शिडीच्या वरच्या पायरीवर थरथरणाऱ्या. मग संगप्पाला म्हणाला, "चाचा, शिडी नीट धरा." आणि टेम्पोत जाऊन बसला. टेम्पो रस्त्याच्या टोकाला वळला, तेव्हा मागच्या गाठोड्यांवर बसलेली त्याची मुलगी हात हलवत होती.

संध्याकाळी कळलं की घाईघाईत गॅसची शेगडी आणि सिलिंडर टेम्पोतून गेलं होतं. अजीजानं चूल मांडावी तर घरात चूल नव्हती. गौरम्मानं भाकऱ्या फडक्यात बांधल्या, वर शेंगाचटणी ठेवली, आमटीचं पातेलं संगप्पाच्या हातात दिलं. "सांडू नका. आणि लगेच उठून येऊ नका."

कॉट सोडून खोली रिकामी होती. बोललं की आवाज घुमत होता. संगप्पा, अल्लाउद्दीन आणि अजीजा जमिनीवर बसले. अल्लाउद्दीनच्या नखांत हिरवा रंग तसाच होता.

"तिखट लई घातलंय तुझ्या बायकोनं," तो म्हणाला, आणि आणखी चटणी वाढून घेतली.

"उद्या शेगडी बघू कुठं मिळते का," संगप्पा म्हणाला.

"बघू. आधी जेव."