आईचं विरजण आणि माझा कॉम्प्युटर

आमच्या घरी एकदा कॉम्प्युटरने दही लावलं होतं.

हा कॉम्प्युटर पत्त्याच्या पानाएवढा. पडदा नाही, कीबोर्ड नाही. स्वस्त मिळाला म्हणून घेतला (आमच्या निम्म्या सामानाची हीच जन्मकथा!) आणि मग बेकार जावयाला नोकरी शोधावी तसा त्याला काम शोधत घरभर फिरलो. तुळशीला पाणी घालायला लावतो म्हटलं, तर आई म्हणाली, मग सकाळी मी काय करू?

इकडे हिंदी मुलखात, आमच्या कांचघर मोहल्ल्यात, जानेवारीची थंडी अशी, की आईचं दही दुपारपर्यंत दूधच राहतं. चलो, काम सापडलं! थर्माकोलचा डबा घेतला, आत जुना बल्ब आणि गारगरम ओळखणारी एक तार सोडली. गार झालं की कॉम्प्युटर बल्ब लावणार, गरम झालं की विझवणार. आईला तार पटेना.

"कुठकुठची तार ते! माझ्या दुधाजवळ काहून घालून राहिला?"

मी आज्ञाधारक मुलगा. तार काढून खिडकीला अडकवली, पातेलं डब्यात ठेवलं. उद्यासाठी वेगळी काढलेली विरजणाची वाटीही आत सरकवली, तिलाही जरा ऊब मिळावी म्हणून!

आता खिडकीतली तार सांगत राहिली, गार आहे, गार आहे. कॉम्प्युटर इमानदार, त्याने बल्ब विझवलाच नाही. दुपारी बघतो तर पातेल्यात पिवळं पाणी आणि त्यात चिवट गोळे. वाटीचीही तीच गत.

पनीर झालं, मटर घेऊन येतो, असं मी हसत म्हटलं. आई हसली नाही. वाटी धरून ओट्याशी उभी राहिली.

"माझ्या आईचं विरजण होतं रे ते. लग्न होऊन आले तेव्हा नागपूरहून डब्यात आणलं होतं. कधी तुटू नाही दिलं. तिच्या हातचं तेवढंच उरलं होतं."

निदान रात्रीच्या कढीपुरतं तरी दही लावू, म्हणून खाली मान घालून समोरच्या शुक्ला दीदींकडे विरजण मागायला गेलो. झालेलं सगळं सांगितलं. वाटीत दही काढून देत त्या म्हणाल्या,

"भैया, ये तो आंटी का ही है। जब से ब्याह के आई हूँ, इन्हीं के जामन से दही जमा रही हूँ।"

त्यांच्याकडून ते मागच्या गल्लीत गेलं होतं, तिथून रेल्वेच्या क्वार्टरमध्ये! वाटी दोन्ही हातांनी धरून मी घरी आलो. आईने बोटाच्या टोकाने चाखलं आणि डोळे मिटले. "तेच आहे," म्हणाली, आणि पदर डोळ्याला लावला. मलाही रडू आलं, लपवायला कॉम्प्युटर पुसत बसलो.

ऑफिसात माझं कामच ते, बॅकअप घेतला का म्हणून लोकांच्या मागे लागायचं. आईला तेवढं शिकवायचं राहून गेलं होतं. तिने मात्र आपला बॅकअप अख्ख्या मोहल्ल्यात ठेवला होता!